सुट्टी हॉस्टेलला असते, दाढेला नसते!

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर कशाकशाचे नियम नाहीत? रूममध्ये इस्त्री वापरायची नाही, हीटर तर नाहीच नाही. रात्री साडेनऊनंतर गेट बंद. बादली कॉरिडॉरमध्ये दिसली तर जप्त. दिवाळीच्या आधी तर एक खास नोटीस लागते. मेस कधी बंद होणार, पाण्याची मोटर किती वाजता चालू होणार, खोली सोडताना पंखा-लाईट बंद करा, मौल्यवान वस्तू बरोबर न्या, अन्यथा व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही, सगळं अगदी व्यवस्थित लिहिलेलं असतं. एकच गोष्ट मात्र त्या नोटिशीत मी चार वर्षांत कधी वाचली नाही. सुट्टीत मागे राहिलेल्या पोराला रात्री-बेरात्री काही झालं, तर त्याने फोन कुणाला करायचा?

माझ्या लेखाचा विषय एवढाच आहे. आणि उदाहरण म्हणून मी दाढदुखी घेतोय. हसू नका! साप चावला, अपघात झाला, कुणी चक्कर येऊन पडलं तर अख्खं हॉस्टेल धावतं, हे मी पाहिलेलं आहे. पण दाढ दुखतेय म्हटलं की "लवंग धर रे" एवढं बोलून माणूस कूस बदलतो. ज्या दुखण्याला कुणी दुखणंच समजत नाही, त्याच्या वेळी आपली व्यवस्था कशी वागते, यावरून ती व्यवस्था कळते.

मागे राहतं कोण?

दिवाळीत हॉस्टेल रिकामं होतं, हा एक मोठा गैरसमज आहे. रिकामं होत नाही, फक्त शांत होतं. जम्मू-काश्मीर आणि लडाखहून पंतप्रधान विशेष शिष्यवृत्ती योजनेतून आलेली मुलं असतात, जी योजना एआयसीटीई चालवते. त्यांना घरी पोचायलाच दोन-तीन दिवस लागतात, मग चार दिवसांच्या सुट्टीत जायचं कधी आणि यायचं कधी? ईशान्येकडची मुलं असतात. वेटिंगचं तिकीट कन्फर्म न झालेले असतात. जाण्या-येण्याचा खर्च वाचवणारे असतात, ते कुणाला कारण सांगत नाहीत आणि आपणही विचारत नाही. आणि माझ्यासारखे 'गेट'चा अभ्यास करायला थांबलेले चार-दोन महाभाग असतात. 2024 च्या दिवाळीत आमच्या विंगमध्ये आम्ही अकरा जण होतो.

त्या वर्षी नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरला, गुरुवारी होती. शुक्रवारी लक्ष्मीपूजन, शनिवारी पाडवा आणि रविवारी भाऊबीज. म्हणजे चार दिवस सलग. सरकारी ओपीडी बंद, खासगी दवाखाने बंद, आपली डिस्पेन्सरी बंद. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या रूम पार्टनरची (नाव छापायचं नाही असं त्याने बजावलंय, गाव कुपवाडा जिल्ह्यातलं) खालची डावी अक्कलदाढ ठणकायला लागली. बाहेर फटाके आणि आत हा कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालतोय. आडवा झाला की जास्त दुखायचं, म्हणून पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहिला.

शनिवारी सकाळी आम्ही फोन लावायला बसलो. शहर 14 किलोमीटरवर. मॅपवर नऊ दवाखाने सापडले, त्यातले सहा 'ओपन' दाखवत होते. चार ठिकाणी फोन कुणी उचलला नाही. तिघांनी अगदी सौजन्याने "सोमवारी या" सांगितलं. एके ठिकाणी रिसेप्शनिस्ट ताई स्वतःच गावाला गेलेल्या होत्या. एका डॉक्टरांनी मात्र नीट चौकशी केली. ते स्वतः नाशिकला होते. त्यांनी सांगितलं, "गालावर सूज आली, ताप आला किंवा तोंड उघडेना झालं तर दवाखाना शोधत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला जा." अख्ख्या दोन दिवसांत मिळालेला कामाचा सल्ला हा एवढाच.

संध्याकाळपर्यंत गाल सुजला. रात्री अकराला अंगात ताप आणि तोंडात जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट. आम्ही गेटवर गेलो. वॉचमन काका म्हणाले, "बाळा, माझ्या हातात असतं तर कधीच सोडलं असतं. पण साडेनऊनंतर रेक्टर सरांच्या सहीशिवाय कुणाला सोडलं तर माझी नोकरी जाईल." रेक्टर सर गावी, फोन कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. नोटिशीवर दुसरा नंबर ऑफिसचा. तो लावला तर आमच्या मागेच कुलूपबंद ऑफिसात रिंग वाजताना ऐकू आली! चाळीस मिनिटं अशी गेली. शेवटी काकांनी रजिस्टरमध्ये स्वतःच्या सहीने नोंद केली, भाच्याला फोन करून त्याची रिक्षा बोलावली आणि आम्हाला सोडलं.

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात पाडव्याच्या रात्रीसुद्धा रांग होती, बहुतेक फटाक्यांनी भाजलेल्यांची. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तोंड किती उघडतं ते पाहिलं, जिभेखाली आणि जबड्याखाली दाबून पाहिलं, शिरेतून औषध सुरू केलं आणि दातांच्या डॉक्टरांना कॉल दिला. त्यांनी येऊन पू काढला आणि एक रात्र नजरेखाली ठेवलं. सकाळी म्हणाले, "वेळेत आणलंत." पार्टनर आता ठणठणीत आहे. ती दाढ सूज उतरल्यावर पंधरा दिवसांनी काढली.

आता मला सांगा, त्या रात्री निर्णय कुणी घेतला? डीन नाही, रेक्टर नाही, कमिटी नाही. ज्याचा पगार या कॅम्पसमध्ये सगळ्यात कमी असेल आणि ज्याची नोकरी कंत्राटावर आहे, त्या माणसाने घेतला. काकांनी नियम पाळला असता तर त्यांना कुणी बोल लावला नसता. माझा आक्षेप नेमका इथे आहे. पोराचा जीव आणि स्वतःची नोकरी यांतलं एक निवडायची पाळी आपण वॉचमनवर का आणतो?

दाढ एवढी का भडकते?

"दाढ दुखल्याने कोण मरतं?" असं विचारणाऱ्यांसाठी थोडी थिअरी. (ओरलला विचारणार नाहीत, काळजी नको.)

दाताच्या आत पल्प नावाचा मऊ भाग असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा. त्याच्या चहूबाजूंना डेंटिनच्या कडक भिंती. शरीरात इतरत्र सूज आली की कातडी ताणते, जागा होते. इथे जागाच नाही. म्हणजे शिट्टी नसलेला प्रेशर कुकर! पल्पला सूज आली की आतला दाब वाढतो आणि नस ओरडते. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब आणखी वाढतो, म्हणून असली दाढ रात्री जास्त ठणकते. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवलं तर जरा बरं वाटतं, त्याचं कारण हेच.

अक्कलदाढेचं गणित वेगळं. ती साधारण 17 ते 25 या वयात येते, म्हणजे नेमकी एफई ते बीई! जबड्यात जागा कमी पडली की ती अर्धीच बाहेर येते आणि तिच्यावर हिरडीची झडप राहते. त्या झडपेखाली अन्न अडकतं, जंतू वाढतात, सूज येते, पू होतो. दिवाळीच्या सुट्टीत दाढ दुखणारा माणूस कॉलेजातच जास्त सापडणार, यात नवल ते काय!

हा पू वाट शोधत पसरतो. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जबड्याखालच्या पोकळ जागेच्या अगदी जवळ असतात. संसर्ग तिथे उतरला की जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट अडू शकते. विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरने 1836 मध्ये या आजाराचं वर्णन केलं आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. अँटिबायोटिक्स येण्याआधी त्यात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत. आज हा आजार क्वचित होतो आणि वेळेत उपचार मिळाले तर बरा होतो. सगळी गोम त्या 'वेळेत' या शब्दात आहे.

सोमवारपर्यंत थांबायचं की आत्ता निघायचं?

हे प्रत्येकाला पाठ पाहिजे, म्हणून सरळ लिहितो.

नुसती कळ येतेय, सूज नाही, ताप नाही, तोंड नीट उघडतंय, तर एक-दोन दिवस काढता येतात. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भरा. गालावर बाहेरून गार फडकं ठेवा, गरम शेक नको. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच घ्या. आयबुप्रोफेन दाताच्या दुखण्यावर चांगलं चालतं, पण दमा, अल्सर किंवा किडनीचा त्रास असणाऱ्याने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ताप असेल तर कुणीच स्वतःच्या मनाने घेऊ नये. दिवाळीच्या आसपास डेंग्यूचे दिवस असतात आणि डेंग्यूत या गोळीने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवायचा जो गावठी उपाय आहे तो तर अजिबात करू नका, हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिर होतं हे खरं, पण तेही कापसाला अगदी थेंबभर लावून. जास्त झालं तर तेही भाजतं.

आणि मेडिकलवाल्या दादांकडून अँटिबायोटिकची अर्धी पट्टी आणायची आपली जी सवय आहे, ती सोडा. पल्पच्या नुसत्या दुखण्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. किडलेला भाग काढणं, रूट कॅनाल करणं किंवा दात काढणं हाच इलाज. पू झाला असेल तर तो काढावा लागतो. औषध लागतं ते संसर्ग पसरू लागल्यावर, आणि तेव्हा ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

आता निघायची वेळ कोणती? गालावर किंवा जबड्याखाली सूज पसरतेय, ताप आहे, स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात असत ती आता जात नाहीत, गिळायला त्रास होतोय, जिभेखाली फुगलंय, डोळ्याकडे सूज चढतेय. यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघायची नाही. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा स्वतःची लाळही गिळता येत नसेल तर थेट 108. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि तिचे पैसे लागत नाहीत.

आणखी एक प्रसंग आपल्या ग्राउंडवर कधीही येऊ शकतो. बॉल लागून किंवा बाईकवरून पडून पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो फेकू नका. पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. दुधाने हलकेच धुऊन शक्य असेल तर जागेवर बसवा आणि रुमाल चावून धरा. नाहीच जमलं तर दुधात ठेवा, साध्या पाण्यात नको. अर्ध्या तासात, फार तर तासाभरात डॉक्टरकडे पोचलात तर तो दात पुन्हा रुजण्याची चांगली शक्यता असते. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर दूध असतंच. (टपरीचा असाही उपयोग!)

जायचं कुठे?

सुट्टीच्या दिवशी ओपीडी बंद असते, पण मोठ्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग 24 तास चालू असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सिव्हिल' आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत केले गेले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या विभागाकडे येत नाहीत, पण तिथलं शुल्कही आपल्या खिशाला परवडतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात किंवा शेजारीच आहेत. दंत महाविद्यालय बंद दिसलं तर हताश होऊन परत फिरू नका, शेजारची कॅज्युअल्टी गाठा.

पैशाचं म्हणाल तर ग्रुप इन्शुरन्सच्या कार्डावर विसंबू नका. बहुतेक पॉलिसींत दातांचा खर्च अपघातामुळे दाखल व्हावं लागलं तरच मिळतो. खासगीत रूट कॅनालला काही हजार लागतात आणि महिनाअखेरीस आपल्या खात्यात किती असतात हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरी बाजू

आता कुणी म्हणेल, रेक्टर सरांनाही घरदार आहे. शंभर टक्के मान्य! वर्षभर तीनशे पोरांची कटकट सांभाळणाऱ्या माणसाला दिवाळीला घरी जायचा पूर्ण हक्क आहे. डेंटिस्टचंही तसंच. त्यांचं क्लिनिक म्हणजे एक डॉक्टर आणि एक मदतनीस, ती ताई सुट्टीवर गेली की उपकरणं निर्जंतुक करण्यापासून सगळं अडतं. त्यांनी चार दिवस शटर ओढलं तर चूक काय? माझं म्हणणं कुणी घरी जाऊ नये असं नाहीच. सगळे एकदम जाऊ नयेत, एवढंच आहे. जर्मनीत दंतवैद्यांच्या संघटना सुट्टीच्या दिवसांसाठी पाळ्या लावतात, म्हणजे दर सुट्टीला कुणीतरी एक उघडा सापडतो. आपल्याकडे लेक्चरचं, लॅबचं, परीक्षेच्या सुपरव्हिजनचं टाइमटेबल बनतं. सुट्टीच्या चार दिवसांचं बनवायला कितीसा वेळ लागेल?

दुसरा मुद्दा, "मूठभर पोरांसाठी एवढं कशाला?" मूठभर आहेत म्हणूनच. तीनशे पोरं असतात तेव्हा कुणाची तरी बाईक असते, कुणाचे तरी काका डॉक्टर असतात, कुणाकडे तरी दोन हजार उसने मिळतात. अकरा उरले की यातलं काहीच उरत नाही. आणि ज्याची भाषा वेगळी, घर दोन हजार किलोमीटरवर, त्याने कॅज्युअल्टीत जाऊन मराठीत काय सांगायचं?

मग करायचं काय?

मागण्या फार नाहीत आणि एकीलाही नवी बिल्डिंग लागत नाही.

एक, दिवाळीच्या नोटिशीवर तीन नंबर छापा: त्या-त्या दिवशी जबाबदार असलेल्या स्टाफचा मोबाईल, जवळच्या 24 तास अपघात विभागाचा फोन आणि 108. त्या स्टाफने फोन लागेल अशा ठिकाणी असावं.

दोन, मागे राहणाऱ्यांची नावं, खोली नंबर, घरचा फोन आणि औषधांची ॲलर्जी यांची यादी गेटवर ठेवा.

तीन, आजारी माणसासाठी गेट कोणत्याही वेळी उघडेल, नोंद रजिस्टरमध्ये होईल आणि त्यासाठी वॉचमनला कुणी जाब विचारणार नाही, हे लेखी द्या. ही मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

चार, प्रत्येकाकडून घेतलेली कॉशन मनी ऑफिसात पडून असते. त्यातूनच आजारपणासाठी उचल द्यायची सोय करा. पैसे आमचेच आहेत, वापरले तर परत भरू.

पाच, आपण कंपन्यांशी एमओयू करतो आणि फोटो काढतो. शहरातल्या दोन-तीन डेंटिस्टशीही एक साधं बोलणं करा: दिवाळीत तुमच्यापैकी कोण गावात आहे, तेवढं आधी कळवा.

सहा, एनएसएसने सप्टेंबरमध्ये दंत तपासणी शिबिर घ्यावं. दंत महाविद्यालयांची टीम अशा शिबिरांना येते. किडलेली दाढ सप्टेंबरात सापडली तर ती नोव्हेंबरात लक्ष्मीपूजनाला ठणकणार नाही. आणि ज्युनियर मित्रांनो, शिबिर लागलं की 'मला काय झालंय' म्हणून सटकू नका. सबमिशनचं जसं शेवटच्या रात्री होतं, तसं दाताचं होत नाही.

या सहापैकी तिसरी मागणी मान्य व्हायला एक कागद आणि एक सही पुरते. हा अंक सरांच्या टेबलावरही जाणार आहे. पुढच्या दिवाळीची नोटीस टाइप होईल तेव्हा मी पास आऊट झालेला असेन, पण दुसरा कुणीतरी कुपवाड्याचा, कुणीतरी इटानगरचा ती नोटीस वाचत उभा असेल. 'व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही' या ओळीच्या खाली, जबाबदार कोण राहील त्याचं नाव आणि नंबर त्याला दिसू दे.